कापसाने पीठ अडतं

मोटर बंद केली तरी आवाज चालूच होता.

दुपारी गिरणी बंद करताना माझा क्रम ठरलेला असतो. वरच्या पत्र्याच्या तोंडात दळण उरलेलं नाही ना ते बघायचं, दगड सैल करायचे, मग मोटर, मग मेन स्विच, मग झाडू, मग शटर. त्या दिवशीही तसंच केलं. आम्ही गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहतो. कोथरूडमधली जुनी सोसायटी, खाली गाळे, वर घरं. हातपाय धुऊन ताट वाढून घेतलं आणि पहिल्याच घासाला लक्षात आलं की खाली काहीतरी चालू राहिलंय. बारीक, उंच, एकसारखा आवाज. मोटरचं बेअरिंग जायला आलं की येतो तसा.

जेवण झाकून खाली गेले. मेन स्विच बंद होता. मोटरवर हात ठेवला, ती नुसती कोमट होती. मसाल्याचं कांडप यंत्र बघितलं, तेही बंद. पुन्हा शटर ओढलं आणि जिना चढले. आवाज माझ्याबरोबर वर आला.

तरीही मला शंका आली ती माझी नाही, वायरिंगचीच. वायरमनला बोलावलं. त्याने मीटरजवळ कान नेला, बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाला, ताई, इथे काहीच वाजत नाहीये. मी म्हटलं, नीट ऐका. तो बिचारा पुन्हा वाकला. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आल्यावर त्यालाही विचारलं. तो स्वयंपाकघरात उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "फ्रिज?" फ्रिज बंद करून बघितला. मग पंखा. मग घरातलं जे जे वाजू शकतं ते सगळं एकेक करून बंद केलं, आणि घर जसजसं शांत होत गेलं तसतसा तो आवाज मोठा होत गेला. शेवटी आम्ही दोघं त्या शांत घरात एकमेकांकडे बघत उभे राहिलो. त्याला काही ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. डाव्या कानात जास्त, उजव्यात थोडं कमी.

गिरणी सासऱ्यांची. लग्न होऊन आले तेव्हा ते स्वतः दळायचे, मी वर घर बघायचे. नवऱ्याला गिरणीत रस नव्हता, त्याने नोकरी धरली. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा गिरणी बंद करायची का यावर घरात चर्चा सुरू झाली. ती संपायच्या आत मी खाली जाऊन शटर उघडलं होतं. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मला त्या कामातली शिस्त आवडते. कोणाचं काय, कोणत्या डब्यात, जाड की बारीक, कधी न्यायचंय, हे पाटीवर लिहिलेलं असतं. उपासाचं दळण सकाळी सगळ्यात आधी, दगड स्वच्छ करून. मग गहू. ज्वारी-बाजरी त्यानंतर. बेसनाचा वार वेगळा. या क्रमात मी कोणाचं ऐकत नाही, आणि पेठेत वाढलेल्या आमच्या गिऱ्हाइकांनाही सुनावता येतं हे त्यांना इथेच कळलेलं आहे.

पण हे सगळं कागदावरचं. दळणं स्वतः कानाने चालतं. दगडात दाणा पुरेसा जातोय तोवर आवाज जाड, भरलेला असतो. दाणा कमी पडायला लागला की तो पातळ होतो. संपला की दगडावर दगड घासून किंचाळतो, आणि त्याच्या आत हात चाकावर गेलेला असावा लागतो, चाक फिरवून दगड सैल करावे लागतात. पाठ फिरवून गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी माझा हात वेळेवर जायचा. सासरे म्हणायचे, तुला गिरणीचा कान आहे. तेवढं एकच कौतुक त्यांनी आयुष्यात केलं असेल, त्यामुळे ते माझ्या लक्षात आहे.

आणि त्याच सासऱ्यांना आता काही ऐकू येत नाही. ऐंशी उलटून गेली आहे. दिवसभर गॅलरीत बसतात. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आपण हसलो की हसतात, का हसलो ते न कळता. पाहुणे आले की थोडा वेळ तोंडांकडे बघतात आणि मग उठून आत जातात. त्यांना काही सांगायचं तर उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली प्रत्येक गोष्ट भांडणासारखी वाटते, म्हणून हळूहळू आम्ही सगळेच कमी सांगायला लागलो. घरात सगळे म्हणायचे, वय झालं.

त्या शांत केलेल्या स्वयंपाकघरात उभं असताना मला पहिला विचार आला तो गॅलरीतल्या त्या खुर्चीचा.

ओळखीपाळखीच्यांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. लसूण तळलेलं तेल कोमट करून घाला. कानात फुंकर मारून घ्या. प्राणायाम करा. एक बाई म्हणाल्या की हा अनाहत नाद आहे, लोक वर्षानुवर्षं साधना करतात तरी ऐकू येत नाही, तुम्ही नशीबवान. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा. तेल-लसणाच्या भानगडीत पडले नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

त्यांच्याकडे आधी चाचणी झाली. काचेची खिडकी असलेली छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज आले तोवर मी वर्गातल्या हुशार मुलीसारखी दाबत होते. आवाज बारीक व्हायला लागले तसं मला कळेना की आलेला आवाज यंत्राचा आहे की माझा. न आलेल्यांना दाबलं, आलेल्यांना बहुतेक नाही. खिडकीपलीकडची मुलगी मान खाली घालून कागदावर खुणा करत होती आणि तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता. मला परीक्षेतही कधी इतका घाम आला नव्हता.

कागदावर दोन रेघा होत्या. सुरुवातीला सरळ, आणि मग उजवीकडे खड्ड्यात उतरलेल्या. डाव्या कानाची जास्त खोल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. कांडप यंत्र कोणत्या बाजूला आहे? डाव्या. त्यांनी मान डोलावली.

"कानाला काही लावता का काम करताना?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं की रोज लावते. कापसाचे बोळे. खोबरेल तेलात भिजवून, घट्ट पिळून. आमच्या घरातली पद्धतच आहे. सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. एक दिवस चुकवलेला नाही.

त्यांनी कागद बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "कापसाने पीठ अडतं हो. आवाज नाही अडत."

तीन पिढ्या आम्ही कानात कापूस घालून निश्चिंत होतो. संध्याकाळी बोळा काढला की त्यावर पिठाचा पांढरा थर दिसायचा, आणि तो बघून वाटायचं, एवढं सगळं कानात गेलं असतं. काम झाल्याचा पुरावाच होता तो. आवाजाचा थर कशावर दिसत नाही.

बाकी त्यांनी जे सांगितलं ते मी व्यवस्थित लिहून घेतलं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. शिट्टी जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, पण बऱ्याच जणांना तिची सवय होते. आहे ते जपायचं. कारखान्यात वापरतात तसे कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्यायचे. सलग काम करायचं नाही, मधे शांतता हवी. घरात अगदी चिडीचूप बसायचं नाही, एखादा पंखा, हलकासा आवाज चालू ठेवायचा. कानात काडी, पिन, तेल काही नाही. आणि दोन कानांत फरक आहे म्हणून, खबरदारी म्हणून, डोक्याचा एक स्कॅन.

स्कॅन होऊन त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी घरातली सगळी कपाटं आवरली. नवरा म्हणाला, काही नसेल. मी म्हटलं, तुला काय माहीत. रिपोर्टमध्ये काही नव्हतं. सुटकेचा श्वास मी बरोबर एक संध्याकाळ घेतला. नंतर लक्षात आलं की काही नाही म्हणजे कापून काढण्यासारखंही काही नाही.

मग मी माझ्या स्वभावाला धरून एक मोठी चूक केली. त्या आवाजाची नोंद ठेवायला लागले. उठल्यावर किती, दळण झाल्यावर किती, दुपारी किती, दहापैकी गुण देऊन. काय खाल्लं, झोप किती, कांडप किती चाललं, सगळं शेजारी. वाटलं, नोंदी ठेवल्या की कारण सापडेल, कारण सापडलं की बंदोबस्त करता येईल. महिनाभराने तक्ता घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तो बघितला, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "आता हे थांबवा. दिवसातून इतक्यांदा तुम्ही त्याची हजेरी घेताय. तो येणारच."

तक्ता थांबवला. हजेरी थांबली नाही. जिना चढताना, नळ बंद करताना, कोणी बोलता बोलता थांबलं की मी ऐकायचेच: आहे का? आहे. वाढलाय का? त्याच्या जोडीला दुसरी खोड लागली. कानाजवळ बोटं एकमेकांवर घासून बघायची, ऐकू येतंय ना. डाव्या कानाजवळ, मग उजव्या. रिक्षात, रांगेत, लग्नाच्या पंगतीत. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, चिमूटभर मीठ हवंय का?

इअरमफ मी बोहरी आळीतून आणले. पिवळे, जाड, डोक्यावर चिमट्यासारखे बसणारे. पहिल्या दिवशी लावले आणि मोटर चालू केली तेव्हा गिरणी एकदम दूर गेल्यासारखी वाटली. पाण्याखाली बुडी मारल्यावर काठावरचे आवाज येतात तशी. मला रडू यायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं हे का नव्हतं.

गिऱ्हाइकांना मात्र ते पटलं नाही. बाई गाणी ऐकत दळते असं एकाने ठरवून टाकलं. एक आजोबा रोज विचारायचे, आज कोणता राग? मी हाताने खुणा करायचे, पाटीवर बोट दाखवायचे, ते आपले मोठ्याने बोलत राहायचे. हळूहळू लोक पाटीवर लिहायला शिकले. मला वाटलं, जमलं.

दिवाळी जवळ आली की चकलीच्या भाजणीची गर्दी होते. आमच्या पुढच्या गल्लीतल्या एक आजी दरवर्षी स्वतः डाळी-तांदूळ धुऊन, वाळवून, एकेक जिन्नस वेगळा भाजून आणतात आणि दळून होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहतात. दुसऱ्या कोणाच्या पिठाचा कण त्यात जाऊ नये म्हणून. त्या वर्षी त्यांचा मुलगा परदेशातून आला होता आणि दोन दिवसांनी परत जाणार होता. त्याच्याबरोबर चकल्या जायच्या होत्या. मी भाजणी ओतली, चाक बसवलं आणि शेजारी उभी राहून पुढच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला लागले. कानावर मफ. पाठ गिरणीकडे. जशी मी वीस वर्षं उभी राहत आले तशीच.

कोणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. वळले तर आजी, तोंड उघडं, हात गिरणीकडे. मग वास आला, गारगोट्या घासल्यावर येतो तसा जळका. मी चाकावर झेप घेतली, दगड सैल केले, मोटर बंद केली. मफ काढले. गिरणी शांत होती आणि माझ्या कानात तेवढी शिट्टी.

भाजणी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. दाताखाली कच आली. पुन्हा घेतली, वेगळ्या जागची. तिथेही.

आजींनीही घेतली. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "दगड तिकडेही मिळत असतील. पण आईने पाठवलेले म्हणून खाईल तो."

मी तो डबा ठेवून घेतला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून प्रमाण विचारून घेतलं, घरी सगळं नव्याने भाजलं आणि ओळखीच्या दुसऱ्या गिरणीतून दळून आणून त्यांच्या दारात नेऊन दिलं. आजींनी जिभेवर ठेवून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून तेवढंही पुष्कळ.

दगडाचे दात मात्र घासले गेले होते. टाकी लावून घ्यावी लागली, म्हणजे दगड उघडून छिन्नी-हातोड्याने पुन्हा खाचा पाडायच्या. ते करणाऱ्या माणसाला वेळ नव्हता तोवर गिरणी बंद राहिली, ऐन दिवाळीत. नवरा रागावला नाही. तो शांतपणे बोलला, ते जास्त लागलं. म्हणाला, मफ लावलेस तर दगड जातो आणि नाही लावलेस तर कान. मग गिरणी कशाला? गाळा भाड्याने मागायला माणसं येतायत. बस कर.

त्यात चूक काहीच नव्हती. दगडाला टाकी लागून गिरणी उघडली तेव्हा मी मफ खुंटीला अडकवले आणि पुन्हा कापसाचे बोळे घातले. कापसाचा उपयोग नाही हे माहीत असून घातले. दगडाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. हात वेळेवर गेला. आणि शिट्टी त्या आठवड्यात इतकी चढली की संध्याकाळी नवरा समोर बसून बोलत असताना मला त्याचे शब्द तिच्यापलीकडून यायला लागले. रोज थोडं ऐकणं खर्च करून मी पीठ दळतेय, हे मला चाक फिरवताना दर वेळी कळत होतं. पण गिरणी सोडून मी करायचं काय? गॅलरीत दुसरी खुर्ची ठेवायची?

त्याच आठवड्यात एका दुपारी मी सासऱ्यांना चहा द्यायला गेले. त्यांच्या मांडीवर रेडिओ होता. ते तो नेहमी दोन स्टेशनांच्या मधे कुठेतरी लावून ठेवतात, नुसती खरखर चालू असते. त्यांना स्टेशन लागत नाही असंच आम्ही समजत होतो. मी कप ठेवला आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, दगड रिकामा व्हायला लागला की तुम्हाला कसं कळायचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातला पेपर घडी करून ठेवला.

"आधी कानाने. नंतर हाताने."

"नंतर म्हणजे?"

"ऐकू येईनासं झाल्यावर."

मला वाटलं, ते गुडघे गेल्यानंतरचं बोलतायत. तसं नव्हतं. गिरणी सोडण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना दगडाचा आवाज नीट येत नव्हता. मी लग्न होऊन आले त्या सुमारापासूनच, ते म्हणाले. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कोणाला कळलं नाही. घरी ते मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे तिथेही नाही.

"मग सांगितलं का नाहीत कोणाला?"

"सांगून? तुम्ही गिरणी बंद करायला लावली असतीत."

मग त्यांनी माझ्या कानाकडे बोट केलं. शब्द न वापरता, ओठ गोल करून शिट्टीची खूण केली आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. आहे. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मला रातकिडे. तिसेक वर्षं." आणि मांडीवरच्या रेडिओवर थोपटलं. "याने जरा झाकले जातात. ऐकू येत नाही फारसं, पण कानाशी धरला की बरं वाटतं."

मग "चल, दाखवतो" म्हणून ते गुडघे सांभाळत, कठडा धरून, एकेक पायरी करत खाली आले. कित्येक वर्षांनी आले असतील. मी त्यांना मफ लावायला सांगितले तर म्हणाले, माझं आता काय जायचंय. मी ऐकलं नाही, त्यांच्या डोक्यावर बसवले आणि स्वतःसाठी मफबरोबर आणून ठेवलेले फोमचे बोळे काढले, दाबून बारीक करून कानात फुगू द्यायचे ते. गिरणीत थोडे गहू ओतले. त्यांनी माझा हात धरून दगडाच्या लोखंडी घेरावर ठेवला आणि वरून आपला तळवा दाबला.

आधी मला नुसतंच थरथरणं लागलं. मग त्यांनी बोटाने हळू हळू ताल धरून दाखवला. दाणा भरपूर असताना ती थरथर संथ असते, जड, म्हैस रवंथ करते तशी, तळहाताच्या मधोमध लागते. दाणा कमी व्हायला लागला की ती हलकी होते आणि बोटांच्या टोकांकडे सरकते. मुंग्या आल्यासारखी. दुसऱ्या हाताने त्यांनी पीठ उतरतं ती कापडी नळी धरायला लावली. ती भरलेली होती, मग हळूच सैल पडली. त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चाक फिरवलं. दगड किंचाळला नाही. कानांचा काही संबंधच आला नाही.

मला आनंद झाला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. त्या हाताने गिरणी वाचवली होती हे खरं, पण त्या हातामुळेच त्यांचं बहिरेपण कोणालाही न कळता पुरं झालं होतं. मला हात हवा होता. लपवणं नको होतं.

म्हणून मी नवऱ्याला बसवून सगळं सांगितलं. शिट्टी किती आहे ते, गेला आठवडा कापूस घालून काम केलं ते, त्याच्या वडिलांचंही. तो उठून वडिलांच्या रेडिओत नवे सेल घालून आला. मग आम्ही ठरवलं. दळण चालू ठेवायचं, मफ लावून, एक हात दगडाच्या घेरावर आणि पाठ गिरणीकडे न करता. चिठ्ठ्या लिहायच्या त्या दळण थांबवून. मधे मधे गिरणी बंद ठेवायची, गिऱ्हाइकांनी बोलायचं असेल ते तेव्हा. आणि कांडप यंत्र विकायचं. लोखंडाच्या मुसळांचे ते आपटणारे ठोके मफमधूनही डोक्यात जायचे, आणि डावा कान त्यांच्याच बाजूचा होता. उन्हाळ्यातलं मसाल्याचं काम गेलं तर फटका बसणार होता. तो घ्यायचा ठरवला.

डॉक्टरीणबाईंनी मान्यता दिली, पण वर्षातून एकदा चाचणीला यायचंच, असं बजावून. पुढच्या चाचणीत रेघ होती तिथेच होती. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा मी तो दोनदा ताडून बघितला, मागच्या कागदाला लावून, उजेडात धरून. शिट्टी आहेच. काही दिवस ती मागे पडते, काही दिवस सगळ्याच्या पुढे येऊन बसते. स्वयंपाकघरात एक छोटा टेबलपंखा चालू असतो, थंडीतही.

कांडप यंत्र न्यायला मांजरी गावाहून एक जोडपं टेंपो घेऊन आलं. नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथे मसाला कुटून द्यायचा धंदा चालेल असं त्यांचं गणित. चालवणार ती बाई. तिशीची असेल, चटपटीत, सगळे खिळे-बोल्ट स्वतः मोजून घेतले. मला ती फार आवडली. मी आधीच आणून ठेवलेला मफचा नवा जोड तिच्या हातात दिला.

"आणि हे रोज लावायचं. मुसळं चालू करायच्या आधी."

"कापूस हाय की, ताई. आमच्या आत्याबाईंनी सांगितलंय."

मी तिला उन्हातच उभं करून सगळं सांगितलं. कापसाचं, सासऱ्यांचं, खोलीतल्या बटणाचं. तिचा नवरा टेंपोत बसून हॉर्न वाजवत होता. तिने मफ लावून बघितले, हसली, म्हणाली काहीच ऐकायला येत नाय की, आणि मी म्हटलं, त्यासाठीच. तिने ते पिशवीत घातले. वापरीन, ताई. खरंच.

दहाएक दिवसांनी, गिरणी बंद होती तेव्हा, मी तिला फोन केला. कसं चाललंय, बोल्ट सैल पडत नाहीत ना, असं काहीतरी विचारायला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने फोन उचलला. मागे मुसळं आपटत होती, धाड धाड, आमच्याकडे वाजायची तशीच. मफ लावले असते तर तिला फोन वाजलेला कळलाच नसता.

"बोला, ताई!"

मी म्हटलं, आधी यंत्र बंद कर, मग बोलू.